गल्ल्यातले दुसऱ्याचे पैसे

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. सांगलीतल्या आमच्या किराणा दुकानात धाकटा भाऊ सकाळी साडेसहालाच गल्ल्यावर बसला होता. आदली रात्र त्याने संगणकापुढे काढली होती. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं, तूप, फरसाण, एकेक नाव काढून तो कराचा दर बदलत होता. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून टाकले, ५ आणि १८ ठेवले, चैनीच्या आणि घातक मालासाठी ४० टक्के आणला. नवे दर नवरात्राच्या पहिल्या माळेपासून लागू झाले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मागच्या गल्लीतल्या काकू. त्यांनी पेस्टचं खोकं उचललं आणि विचारलं, “मालक, स्वस्त झाली म्हणे?”

“झाली की काकू. यावर ११८ छापलेत, पण आजपासून १०५च द्या.”

काकू खूश झाल्या. त्या गेल्यावर भाऊ मला म्हणाला, “ताई, हे १३ रुपये कुणाचे कमी झाले, हे शंभरातल्या नव्वद दुकानदारांना सांगता येणार नाही. कंपनीचे, सरकारचे, की माझे?”

या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. विक्रीकर, व्हॅट आणि जीएसटी या तिन्ही नावांच्या करांत मी वाढले. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, जागेवर आता भाऊ बसतो. गेल्या वर्षभरात मी सांगलीच्या गणपती पेठेतल्या घाऊक दुकानांपासून पुण्याच्या रविवार पेठेपर्यंत बऱ्याच किरकोळ दुकानदारांशी बोलले. ते सगळे कर भरणारे, पण तो नक्की कसा चालतो हे ठाऊक असणारे मोजकेच निघाले. बाकीच्यांचं उत्तर एकच: “ते आमचे साहेब बघतात.” साहेब म्हणजे कर सल्लागार किंवा सीए. या उत्तराची मला काळजी वाटते, कारण ते दुकानदाराला किती महाग पडतं हे मी घरातच पाहिलं आहे.

आधी त्या १३ रुपयांचा हिशोब मांडते. भावाकडे त्या दिवशी साबण-पेस्ट-शाम्पूचा माल पडून होता. मूळ किंमत ४०,००० रुपये धरू. १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये कर त्याने घाऊक व्यापाऱ्याला आधीच दिला होता. नफा धरून तो माल ४४,००० ला विकायचा. जुन्या दराने त्यावर ७,९२० रुपये कर गोळा झाला असता, त्यातून आधी दिलेले ७,२०० वजा करून ७२० रुपये सरकारात भरायचे. नव्या दराने गोळा होणार २,२००. म्हणजे भरायचं काहीच नाही, उलट ५,००० रुपये त्याच्या क्रेडिट खात्यात उरतात. हे पैसे रोख परत मिळत नाहीत. तोच माल विकत घेताना एक दर आणि विकताना दुसरा, एवढ्या कारणावर परतावा देत नाहीत. पण बुडतही नाहीत, दुसऱ्या मालाच्या करात ते वळते करता येतात. कपडे धुण्याच्या पावडरीवर अजून १८ टक्केच आहेत. तिच्या करात भावाचे ते ५,००० जिरून जातील. थोडे दिवस पैसे अडकले, एवढंच.

शेजारच्या दुकानाचा हिशोब निराळा झाला. ते दुकान कंपोझिशन योजनेत, म्हणजे आपसमेळ योजनेत आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, बिलात कर दाखवायचा नाही, स्वतःच्या खिशातून करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा आणि मोकळं व्हायचं. कागदपत्र कमी, कटकट कमी. मात्र त्याला क्रेडिट नाही. घाऊक व्यापाऱ्याला दिलेला कर त्याच्या खरेदीच्या किमतीतच मिसळून जातो. त्याच ४०,००० च्या मालाचे त्याने ४७,२०० मोजले आहेत. नव्या भावाने तो माल विकला, तर हातात येतात ४६,२००. सरळ १,००० रुपयांचा तोटा, वर १ टक्क्याचे ४६२ रुपये वेगळे. त्याला वाचवू शकत होता फक्त वितरक, फरकाची क्रेडिट नोट देऊन. “देतो म्हणालेत,” तो मला त्या दिवशी म्हणाला. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं तर उत्तर तेच होतं.

एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन दुकानं, माल एक, गिऱ्हाइकं एक. तरी एका निर्णयाने एकाचे पैसे थोडे अडकले आणि दुसऱ्याचे गेले. फरक कशाने पडला? नोंदणी करताना कोणत्या चौकटीत खूण केली, एवढ्याने. ती खूण शेजाऱ्याने स्वतः विचार करून केलेली नव्हती. “साहेबांनी सांगितलं, सोपं पडेल.” बहुतेक वर्षं सोपं पडलंही असेल. पण आपण काय निवडतो आहोत हे त्याला कुणी समजावून दिलेलं नव्हतं. ही निवड दर आर्थिक वर्षाच्या आधी, ३१ मार्चपर्यंत करता येते, हेही त्याला माझ्याकडून कळलं.

आता बिलाकडे येऊ. १०० रुपयांच्या मालावर ५ टक्के म्हणजे ५ रुपये. ते बिलावर दोन तुकड्यांत दिसतात: अडीच रुपये सीजीएसटी, अडीच रुपये एसजीएसटी. पहिला तुकडा दिल्लीचा, दुसरा मुंबईचा. हा दुसरा तुकडाच आपल्या जुन्या विक्रीकराचा वारस. माल राज्याबाहेर विकला, तर दोन तुकड्यांऐवजी आयजीएसटी हा एकच आकडा दिसतो आणि राज्याचा वाटा माल जिथे जातो त्या राज्याला मिळतो. दुकानदाराच्या दारावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. एकूण पंधरा. हा क्रमांक दर्शनी पाटीवर लावणं आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं टांगणं कायद्याने बंधनकारक आहे. आपसमेळवाल्याने आपण त्या योजनेत आहोत हे पाटीवर आणि बिलावर लिहायलाच हवं. पाटीवर ती ओळ असूनही बिलात कर लावलेला दिसला, तर गिऱ्हाइकाने तो द्यायचं कारण नाही.

त्या विक्रीकराची गोष्ट जुनी. विक्रीवर कर लावण्याचा अधिकार प्रांतांना १९३५ च्या कायद्याने मिळाला. मद्रास प्रांतात राजाजींनी १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीमुळे बुडालेला महसूल त्यांना भरून काढायचा होता. मुंबई प्रांतात तो १ ऑक्टोबर १९४६ पासून आला. पुढे कायदे बदलत गेले आणि जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेला मुंबई विक्रीकर कायदा १९५९ चा, लागू झाला १ जानेवारी १९६० ला. महाराष्ट्र राज्य जन्माला आलं त्याच्या चार महिने आधी. अण्णांनी दुकान सुरू केलं ते याच कायद्याच्या काळात. बहुतेक मालावरचा कर वरच्या टप्प्यालाच भरला जाई, त्यामुळे किरकोळ दुकानदाराच्या डोक्याला ताप कमी. नोंदणीचा आर. सी. नंबर, बिल बुक, रोजमेळ, खतावणी आणि वर्षातून एखादी फेरी विक्रीकर कार्यालयाची. ‘विक्रीकर निरीक्षक’ हे पद गावोगावच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत आजही एसटीआय म्हणूनच बोललं जातं, जरी आता त्याचं नाव राज्यकर निरीक्षक झालं आहे.

१ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला. पूर्वी कर एकाच टप्प्यावर संपायचा, आता तो प्रत्येक टप्प्यावर, पण फक्त तिथे वाढलेल्या मूल्यावर. खरेदीत दिलेला कर वजा, विक्रीत घेतलेला जमा, फरक सरकारात. आजच्या जीएसटीचा कणा हाच. व्यापारी तेव्हा संतापले होते. अण्णाही. “आजवर माल विकत होतो, आता सरकारची वसुली करायची,” असं ते म्हणायचे. पण चारसहा महिन्यांत त्यांनी एक गोष्ट केली, ती मी कधी विसरणार नाही.

गल्ल्याच्या खाली त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. रोज रात्री रोजमेळ मिटवताना त्या दिवशीच्या कराचा अंदाजे फरक काढून ते त्या डब्यात टाकत. दुकानात कितीही नड असली तरी त्या डब्याला हात नाही. एकदा आईने आजीच्या औषधांसाठी त्यातले पैसे मागितले. अण्णांनी शेजाऱ्याकडून उसने आणून दिले, डबा उघडला नाही. “ते आपले नव्हेत,” एवढंच म्हणाले.

मला तेव्हा हा हट्ट वाटला होता. आज कायदा वाचते तेव्हा कळतं, अण्णांनी कलम न वाचता कायद्याचा गाभा पकडला होता. गिऱ्हाइकाकडून कराच्या नावाने घेतलेला पैसा सरकारात भरावाच लागतो, माल करपात्र असो वा नसो. जीएसटी कायद्याच्या ७६ व्या कलमात हे सरळ लिहिलेलं आहे. कर म्हणून घेतलेल्या पैशावर दुकानदाराचा हक्क कोणत्याच वाटेने निर्माण होत नाही. तो मधला हमाल. आणि किरकोळ दुकानदार अडचणीत येतो तो बहुतेक वेळा इथेच: करचुकवेगिरी करायची म्हणून नव्हे, तर गल्ल्यातला सगळा पैसा आपलाच समजून तो मालात घालतो आणि रिटर्नच्या तारखेला हात रिकामे असतात. मग उशीर, मग दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, मग थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर दिवसाला २० रुपये. दुकान आजारपणात चार महिने बंद होतं म्हणून रिटर्न भरलं नाही, असं सांगणारे मला तिघे भेटले. सलग सहा महिने रिटर्न नसेल तर नोंदणीच रद्द होऊ शकते.

व्हॅटनंतर मध्येच एलबीटीचा काळ येऊन गेला. जकातीऐवजी आलेल्या या स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ मध्ये राज्यभर व्यापारी रस्त्यावर उतरले. सांगलीतही दुकानं बंद राहिली, आमचंही. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो लागेनासा झाला. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री व्हॅट, मुंबईची जकात, केंद्राचं उत्पादन शुल्क, सेवाकर असं बरंच काही जीएसटीत विरघळलं. सगळंच मात्र नाही. पेट्रोल, डिझेल आणि पिण्याची दारू अजूनही बाहेर आहेत, त्यांच्यावर महाराष्ट्राचा व्हॅटच चालतो.

दुकानदाराला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे मालाचा दर. किराणा दुकानात शेकडो वस्तू, आणि कायद्याच्या नजरेत दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू दोन वेगळ्या जगांत राहतात. सुट्टे तांदूळ, डाळ, पीठ यांवर कर नाही. तेच २५ किलोपर्यंतच्या, आधी भरून लेबल लावलेल्या पिशवीत असतील, तर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. भावाने लेबलवालं मोठं पोतं घेतलं, फोडलं आणि गिऱ्हाइकासमोर तराजूत मोजून दिलं, तर ती सुट्टी विक्री, कर नाही. ओली हळद करमुक्त, वाळलेली हळद ५ टक्के. सांगलीकराला हे सांगावं लागत नाही, इथल्या मार्केट यार्डात हळदीवरच पेढ्या उभ्या आहेत. बेदाण्यावर ५ टक्के, पण शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला बेदाणा स्वतः विकला तर त्याला जीएसटी लागत नाही. हे डिसेंबर २०२४ च्या परिषदेत स्पष्ट झालं, तोपर्यंत तासगाव भागातल्या शेतकऱ्यांना आणि अडत्यांना विनाकारण धास्ती होती. नव्या दरांत अंगाला लावायच्या साबणाच्या वडीवर ५ टक्के, पातळ साबणावर १८. टूथपेस्टवर ५, चुळा भरायच्या द्रवावर १८. पाकिटातलं पनीर करमुक्त झालं, शाळेच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर करमुक्त झाले, तूप-लोणी ५ वर आलं.

हे पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक वस्तूला एक एचएसएन सांकेतांक असतो. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर तो छापलेला असतो, शेजारी दर. आपल्या खरेदीच्या बिलावर जो सांकेतांक आणि दर आहे, तोच विक्रीच्या बिलात आहे ना, एवढं ताडून पाहिलं तरी निम्म्या चुका टळतात. माझ्या मते हे काम दुकानदाराने स्वतः करायचं आहे, सल्लागाराने नव्हे. सल्लागाराला तुमच्या फळीवर पातळ साबण आहे की वडी, हे दिसत नाही.

मग येतो नोंदणीचा प्रश्न. फक्त माल विकणाऱ्या आणि राज्यातच विकणाऱ्या दुकानदाराला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. ४० लाख ऐकायला मोठे वाटतात. दिवसाला भागून पाहा: रोज सुमारे ११,००० रुपयांची विक्री. चौकातलं बरं चालणारं दुकान ही मर्यादा सहज गाठतं, आणि ही विक्री आहे, नफा नव्हे. दुसरा घोळ असा की या ४० लाखांत करमुक्त मालाची विक्रीही धरली जाते. एखाद्याकडे फक्त भाजी, फक्त दूध असं निव्वळ करमुक्त मालाचं दुकान असेल, तर उलाढाल कितीही असो, नोंदणी नको. पण दुधाच्या शेजारी त्याने बिस्किटं आणि कोल्ड्रिंक ठेवली की दुधाची विक्रीसुद्धा मोजणीत येते. कर फक्त बिस्किटं-कोल्ड्रिंकवर, मर्यादा मात्र सगळ्यावर.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात नेमकं हेच झालं. तिथल्या व्यावसायिक कर खात्याने यूपीआयच्या व्यवहारांच्या नोंदींवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. त्यांत बेकरीवाले होते, चहावाले होते, भाजीवालेही होते. बेंगळुरूत दुकानांवरचे क्यूआर कोड निघाले, ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. करमुक्त माल विकणाऱ्यांना पुढे दिलासा मिळाला. पण बातमी सांगलीपर्यंत आली आणि आमच्या गल्लीतल्या दोघांनी यूपीआय बंद केलं. मी दोघांकडे बसले. एकाची वर्षाची सगळी विक्री मिळून २५ लाखांच्या आत होती, त्याला घाबरायचं काहीच कारण नव्हतं. दुसऱ्याची ४० च्या वर होती, आणि रोखीत घेतल्याने ती कमी होणार नव्हती. पैसा कोणत्या वाटेने आला याने कर ठरत नाही. भीतीने त्याने गिऱ्हाईक घालवलं, नोंदणी टाळता आली नाहीच.

आता आमच्या घरचं दुखणं.

२०१८-१९ मध्ये भावाने एका घाऊक व्यापाऱ्याकडून वर्षभर माल घेतला. बिलं पक्की, पैसे बँकेतून दिलेले, बिलावर कर दाखवलेला. त्या कराचं ३८,४०० रुपयांचं क्रेडिट त्याने घेतलं. त्या व्यापाऱ्याने कर भरला होता, पण रिटर्नमध्ये आमचा क्रमांक न टाकता सगळी विक्री किरकोळ गिऱ्हाइकांना केल्यासारखी दाखवली होती. आमच्या नावापुढे ते क्रेडिट उमटलंच नाही. पाच वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, नोटीस निघाली. ती ऑनलाइन आली. नोंदणीच्या वेळी सल्लागाराने अर्जात स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकलेला होता. भाऊ तोवर दुसऱ्या सल्लागाराकडे गेला होता. पहिल्याकडे संदेश येत राहिले, त्याने बघितले नाहीत किंवा कळवले नाहीत. एप्रिलमध्ये एकतर्फी आदेश झाला: कर, व्याज, दंड. भावाला कळलं जुलैच्या शेवटी, तेही दुसऱ्याच कामासाठी जीएसटीचं पोर्टल उघडलं म्हणून. अपिलाची तीन महिन्यांची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

ते दिवस मी जवळून पाहिले. भाऊ जेवायचा नाही. “आपण चोर आहोत का गं ताई?” असं त्याने विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. शेवटी जुन्या बिलांची पोती माळ्यावरून काढली. अण्णांच्या सवयीने सगळं तारखेवार बांधलेलं होतं. कायदा हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला सांगतो, अण्णा त्याहून जास्त जपायचे. जीएसटीच्या पहिल्या दोन वर्षांतल्या अशा विसंगतींसाठी डिसेंबर २०२२ मध्ये एक परिपत्रक निघालेलं होतं: एका पुरवठादारामागे फरक ५ लाखांपर्यंत असेल तर त्याचं ‘मी हा माल दिला आणि कर भरला’ असं प्रमाणपत्र चालतं. त्या व्यापाऱ्याला गाठून ते घेतलं, वादातल्या कराचे १० टक्के, ३,८४० रुपये, भरून अपील केलं. ते मान्य झालं. पण झोप गेली ती गेली.

यातून मी शिकले ते सांगते. नोंदणीत मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच असावा. सल्लागार बदलता येतो, क्रमांक आयुष्यभर आपला. महिन्यातून एकदा तरी पोर्टल स्वतः उघडावं आणि नोटिसांचे सगळे कप्पे पाहावेत. १ जानेवारी २०२२ पासून नियम आणखी कडक आहे: पुरवठादाराने त्याच्या रिटर्नमध्ये बिल चढवलं आणि ते आपल्या टू-बी नावाच्या पत्रकात दिसलं, तरच क्रेडिट. बिल हातात असणं पुरेसं नाही. म्हणून दर महिन्याच्या १४ तारखेनंतर ते पत्रक उघडून खरेदीच्या बिलांशी ताडायचं, आणि जे दिसत नाही त्याबद्दल व्यापाऱ्याला त्याच आठवड्यात फोन करायचा. पाच वर्षांनी नव्हे. नवा घाऊक व्यापारी धरताना त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की तो वेळेवर रिटर्न भरतो की नाही हे कुणालाही दिसतं. भाऊ आता हे केल्याशिवाय पहिली ऑर्डर देत नाही. आणि २०२४-२५ चं एखादं क्रेडिट घ्यायचं राहिलं असेल, तर त्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती.

एक छोटा कर आणखी, ज्याच्याकडे दुकानदार तुच्छतेने पाहतात: व्यवसाय कर. तोही राज्याच्या जीएसटी खात्याकडेच भरायचा, नोंदणीकृत दुकानदाराला वर्षाला २,५०० रुपये. १९७५ मध्ये तो आला आणि रोजगार हमी योजनेचा मोठा आधार बनला. ज्या वि. स. पागे यांनी ती योजना मांडली, त्यांनी तिची पहिली चाचणी आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, १९६५ मध्ये केली होती. पुढे या योजनेने लाखोंच्या हाताला काम दिलं. भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हे पावतीवर का छापत नाहीत?”

त्याचं म्हणणं मला मोलाचं वाटलं. भाव, सवलत, दंड हे सगळं दुकानदाराला कळवलं जातं, पण आपल्या हातून जाणारा पैसा कुठे पोचतो हे त्याला कुणी सांगत नाही. देशात सर्वाधिक जीएसटी महाराष्ट्रातून जमा होतो. त्यातला काही भाग अशा गल्ल्यांवरून, बिनपगारी, रात्री दहानंतर जागून गोळा झालेला आहे. या माणसांशी निदान त्यांच्या भाषेत बोलावं. मी पाहिलेली प्रत्येक नोटीस इंग्रजीत होती. आमच्या भावाला आलेल्या आदेशातली वाक्यं पदवीधर असलेल्या मलाही दोनदा वाचावी लागली. किरकोळ दुकानदाराला जाणारी नोटीस मराठीतही असावी, तिच्या पहिल्या चार ओळींत रक्कम किती, कशाबद्दल आणि उत्तराची शेवटची तारीख कोणती एवढं असावं, ही मागणी फार मोठी नाही. खात्याच्या माझगावच्या मुख्यालयाला ती अवघड जाऊ नये.

दुकानदारांकडेही माझं एक मागणं आहे. अण्णांसारखा एक डबा ठेवा. पत्र्याचा नको, बँकेत वेगळं खातं चालेल. रोज रात्री कराचा फरक तिथे टाका आणि तिकडे पाठ फिरवा. २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर वेगळं बिल लागत नाही, पण दिवसाअखेर त्या सगळ्यांचं एक एकत्र बिल करावंच लागतं. ते त्याच वेळी करा. भाऊ हे पंधरा मिनिटांत उरकतो.

ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे आणि ज्यांनी तिमाही रिटर्नची सोय घेतली आहे, त्यांच्या जुलै ते सप्टेंबरच्या थ्री-बी, म्हणजे कर भरायच्या, रिटर्नची महाराष्ट्रातली मुदत नियमाप्रमाणे २२ ऑक्टोबर २०२५ होती. मुदतवाढ मिळाली तर मिळाली, ती गृहीत धरू नये. त्या वर्षी २१ ला लक्ष्मीपूजन होतं आणि २२ ला पाडवा. वहीपूजन कराल त्या संध्याकाळी नव्या वहीला हळदकुंकू लावण्याआधी जुन्या तिमाहीचा कर भरून टाकलेला असावा.

भावाने १३ ऑक्टोबरच्या आधीच विक्रीचं पत्रक चढवायचं ठरवलं होतं. थ्री-बी तो १८ ला भरणार होता.

अण्णांचा डबा अजून गल्ल्याखालीच आहे.